रोज सकाळी लाल! सहाशे ऑटोमेटेड टेस्ट उडवू का?

पारसिक_बोगदा | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. राहतो ठाण्याला, नोकरी ऐरोलीला. मूळचा डेव्हलपर, पण दीड वर्षापासून विम्याच्या एका पोर्टलच्या ऑटोमेशन टेस्टिंगचं गाठोडं माझ्या डोक्यावर आहे. आधी आमच्याकडे दोन मॅन्युअल टेस्टर होत्या. 'आता सगळं ऑटोमेट होणार' म्हणत त्यांना गोड बोलून रिलीज केलं. (आयटीत सॉफ्टवेअर रिलीज होतं तसं माणूसही होतं, हे आईला अजून पटत नाही.)

आजची स्थिती सांगतो. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं साधन), जावा, एकूण ११४० टेस्ट. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका डेस्कटॉपवर रात्री १ वाजता सुरू होतात, पावणेपाचच्या सुमारास संपतात. सकाळी मेल येतो. त्यात साठ ते नव्वद लाल, म्हणजे नापास. रोज! खरी चूक त्यात महिन्याला एखादी. बाकीच्या मी साडेदहाला चहा घेऊन आलो की हाताने परत चालवतो, बऱ्याचशा हिरव्या होतात. मी 'फ्लेकी' (उगाच कधी पडणारी, कधी पास होणारी) असा शेरा मारतो आणि कामाला लागतो. टीममधल्या एकाने त्या मेलसाठी रूलच लावलाय, मेल आला की थेट कचऱ्यात.

मॅनेजरला मात्र आकडा हवा असतो. 'ऑटोमेशन ८५ टक्के' ही स्लाइड दर महिन्याला क्लायंटला दाखवतात.

माझा विचार असा की सतत पडणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या सहाशेएक टेस्ट सरळ उडवाव्यात. राहतील त्यांच्यावर तरी कोणी विश्वास ठेवेल. चुकतोय का? शिव्या द्या, पण कारणासकट द्या.

कोडगा | रात्री ११:३१

उडवा. उडवताना व्हिडिओ काढा, आम्हीही बघू.

भांडुपचा_भाऊ | रात्री ११:४४

उडवायचं नंतर बघू. कोडमध्ये थ्रेड स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबायला लावणाऱ्या ओळी) किती आहेत ते आधी सांगा.

पारसिक_बोगदा | रात्री ११:५८

आत्ताच मोजले. ३१२. एक तर नव्वद सेकंदांचा आहे, वर कोणीतरी लिहून ठेवलंय: 'हात लावू नये'.

भांडुपचा_भाऊ | मंगळवार, रात्री १२:२५

वाटलंच होतं.

इतरांसाठी थोडं सोपं करून सांगतो. स्क्रिप्ट माणसापेक्षा फार घाईची असते. पान अर्धवट आलेलं असतानाच ती बटण दाबायला धावते, बटण सापडत नाही आणि टेस्ट पडते. मग आपण काय करतो, पाच सेकंद झोप टाकतो. सर्व्हर त्या दिवशी सहा सेकंद लावतो, टेस्ट परत पडते. आपण दहा करतो. असं करत करत पावणेचार तास होतात आणि त्यातला मोठा भाग मशीन नुसतं झोपलेलं असतं.

झोपेऐवजी अट घाला. 'हे बटण दिसेल आणि दाबता येईल तोपर्यंत थांब, जास्तीत जास्त वीस सेकंद.' अर्ध्या सेकंदात दिसलं तर अर्ध्या सेकंदात पुढे. आणि इम्प्लिसिट वेट (सगळ्या शोधांना एकदाच लावलेली थांबण्याची मर्यादा) आणि एक्स्प्लिसिट वेट (वरच्यासारखी एका जागेपुरती अट) एकत्र वापरू नका. सेलेनियमचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन ते करू नका म्हणतं, दोन्ही एकत्र आले की किती वेळ थांबेल याचा भरवसा राहत नाही.

दुसरं म्हणजे रिॲक्ट, पान रंगवणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी. तुम्ही बटण शोधता, हातात धरता, तेवढ्यात रिॲक्ट तो भाग पुन्हा रंगवतो. तुमच्या हातातलं बटण जुनं, पानावरचं नवं. त्यालाच 'स्टेल एलिमेंट' म्हणतात. बटण हातात धरून बसायचं नाही, लागेल तेव्हा नव्याने शोधायचं.

एक्सपाथ, म्हणजे बटणांचे पानावरचे पत्ते, कसे लिहिलेत? डिव्ह, त्यात तिसरा डिव्ह, त्यात दुसरा स्पॅन, असे?

पारसिक_बोगदा | रात्री १२:३१

असेच. क्रोममध्ये राइट क्लिक करून कॉपी केलेले. एक साडेतीन ओळींचा आहे.

भांडुपचा_भाऊ | रात्री १२:३४

म्हणजे पत्ता 'वडाच्या झाडापासून तिसरं घर' असा आहे आणि झाड दर स्प्रिंटला (कामाच्या प्रत्येक फेरीला) तोडतात. फ्रंटएंडच्या पोरांच्या मागे लागा, महत्त्वाच्या बटणांना डेटा-टेस्टआयडी (खास टेस्टसाठीची न बदलणारी खूण) लावून घ्या. झोपतो आता. ७:४२ पकडायची आहे.

ताम्हण | सकाळी ८:१०

(ट्रेनमधून लिहितेय, टायपो पोटात घाला.)

अवांतर आहे, पण सेलेनियम नावाची गंमत कोणाला माहीत आहे का? २००४ साली शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स यांनी ते लिहिलं, तेसुद्धा कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या वेळ आणि खर्चाच्या नोंदी करणाऱ्या एका ॲपसाठी. त्या काळी टेस्टिंगच्या साधनांच्या बाजारात मर्क्युरी कंपनीचं राज्य होतं. मर्क्युरी म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, अशा थट्टेतून हे नाव पडलं. पुढे २००६ मध्ये मर्क्युरी एचपीने विकत घेतली.

पहिलं सेलेनियम पानात शिरून जावास्क्रिप्टने काम करायचं, त्यामुळे ब्राउझरच्या सुरक्षेच्या नियमांत अडकायचं. सायमन स्ट्युअर्ट यांचा वेबड्रायव्हर ब्राउझरला बाहेरून हाकायचा. दोन्ही एकत्र होऊन २०११ मध्ये सेलेनियम २ आलं आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) अधिकृत मानक झालं. आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळे एकाच भाषेत ऐकतात ते त्यामुळे. मी २००९ साली अंधेरीला सीप्झमध्ये ट्रेनी होते, तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ वर हे सगळं केलंय. तुमच्या नव्वद लाल टेस्ट म्हणजे आम्हाला दिवाळी वाटली असती.

कोडगा | सकाळी ८:१८

पारसिकरावांचा पारा चढलाय, त्यांना सेलेनियम द्या. अरेच्चा, त्यानेच तर चढलाय.

जुनी_पालवी | सकाळी ९:०५

सेलेनियम सोडा, प्लेराइटवर या. २०२० साली मायक्रोसॉफ्टने आणलंय, बटण दिसतंय का, हलत तर नाही ना, दाबता येतंय का हे सगळं क्लिकच्या आधी ते स्वतःच तपासतं. निम्मी डोकेदुखी जाते. आम्ही मालाडला तीन महिन्यांत सगळं हलवलं.

भांडुपचा_भाऊ | सकाळी ९:२०

हलवलं तेव्हा टेस्ट नव्याने लिहिल्यात ना? मग फायदा प्लेराइटचा किती आणि नव्याने लिहिण्याचा किती?

जुनी_पालवी | सकाळी ९:२२

दोन्हीचा. तुम्ही सेलेनियमवाले ना, सासरचा विषय निघाल्यासारखे लगेच उसळता.

रंगीत_तालीम | सकाळी १०:४०

मी अकरा वर्षं मॅन्युअल टेस्टर होते, आता ऑटोमेशनही करते. धागाकर्त्यांच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी ओलांडून पुढे उडी मारली. दोन टेस्टर काढल्या. त्यांच्याकडून कामाचं हस्तांतर काय घेतलंत?

ऑटोमेटेड टेस्ट तुम्ही जे विचारलंत तेवढंच सांगते. प्रीमियमची रक्कम बरोबर आहे का? आहे. हिरवं. त्याच पानावर वारसदाराचं नाव ग्राहकाच्या नावाच्या जागी छापलं जातंय, हे तिला दिसत नाही, कारण ते तिला कोणी विचारलेलंच नसतं. बसलेल्या बाईला दिसतं. तुमच्या त्या दोघींपैकी कोणाचा नंबर असेल तर फोन करा. टेस्ट उडवायच्या आधी प्रत्येकीचं नाव वाचा आणि ही कशासाठी लिहिली होती ते त्यांना विचारा.

पारसिक_बोगदा | सकाळी १०:५५

ताई, हस्तांतर म्हणून एक्सेलची एक शीट आहे. ४३०० ओळी. ती मी उघडली होती एकदा.

रंगीत_तालीम | सकाळी १०:५७

'एकदा'.

घाटकोपर_इंटरचेंज | दुपारी १:१५

जेवता जेवता माझा अनुभव. कंपनीचं नाव विचारू नका. आमच्याकडेही लाल मेलला लोक कंटाळले होते, म्हणून एका हुशार माणसाने रीट्राय लावला. टेस्ट पडली की आपोआप परत चालवायची, तीनदा. तिन्ही वेळा पडली तरच लाल. एका आठवड्यात सगळं हिरवंगार, केक कापला. तो हुशार माणूस मीच.

त्यात पैसे भरण्याची एक टेस्ट होती, विसातून एकदा पडायची. रीट्रायमध्ये झाकली गेली. कारण असं होतं की 'पैसे भरा' दाबल्यावर बटण लगेच बंद होत नव्हतं आणि सर्व्हर मंद असला तर दोनदा विनंती जायची. टेस्ट विसातून एकदा तेच ओरडून सांगत होती. रिलीज झाल्यावर काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. पुढचे चार दिवस मी घाटकोपरला उतरलोच नाही, ऑफिसातच झोपलो.

रीट्राय लावा, पण दुसऱ्या फेरीत पास झालेल्या टेस्टची वेगळी यादी रोज समोर आली पाहिजे.

उंटावरचा_शहाणा | दुपारी २:०२

जरा गणित करू. समजा हजार टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजार वेळांतून फक्त एकदाच उगाच पडते. म्हणजे किती गुणी बाळं! तरी एखाद्या रात्री सगळ्याच्या सगळ्या हिरव्या होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दोनशेतून एकदा पडत असतील तर एक टक्कासुद्धा नाही. ब्राउझर उघडून चालणाऱ्या हजार टेस्ट ठेवून रोज हिरवं मागणं म्हणजे मध्य रेल्वेकडून महिनाभर वेळेवर गाडी मागणं.

आता विमा पोर्टलबद्दल. वयाच्या गटानुसार प्रीमियम बदलतो, त्या प्रत्येक गटासाठी तुम्ही ब्राउझर उघडून लॉगिन करून पाच पानं भरता का?

पारसिक_बोगदा | दुपारी २:३०

हो. अशा २४० आहेत.

उंटावरचा_शहाणा | दुपारी २:३६

त्या उडवू नका, खाली उतरवा. गणित सर्व्हरवर होतं ना? मग थेट एपीआयला, म्हणजे मध्ये पान न आणता सर्व्हरलाच, विचारा, वय अमुक, रक्कम तमुक, प्रीमियम किती? २४० प्रश्न मिनिटाभरात संपतील. ब्राउझरने फक्त एवढंच बघायचं की आलेला आकडा पानावर नीट दिसतोय. त्याला तीन-चार टेस्ट पुष्कळ झाल्या.

मॅनेजर_पण_माणूस | दुपारी ३:१०

धागाकर्त्यांच्या मॅनेजरची बाजू घेतो, इथे कोणी घेणार नाही. क्लायंट आकडा मागतो. 'टेस्ट कमी केल्या पण चांगल्या केल्या' हे स्लाइडवर कसं मांडायचं? ११४० च्या ५०० झाल्या की पहिला प्रश्न येतो, माणसं कमी करू का?

कोडगा | दुपारी ३:१४

आयडीतला 'पण' बोलका आहे.

मॅनेजर_पण_माणूस | दुपारी ३:१६

हलके घेतले आहे.

वांगणी_लोकल | संध्याकाळी ७:५०

ओटीपीचं काय करता? आमच्याकडे टेस्टचा ओटीपी एका मुलाच्या मोबाइलवर जायचा. मुलगा नोकरी सोडून गेला, नंबर तसाच राहिला. रोज रात्री त्याला चाळीस मेसेज. शेवटी त्याच्या बायकोने ऑफिसात फोन केला.

आणि मराठी पानं असतील तर सांभाळा. ब्राउझरला भाषा एमआर-आयएन (भारतातली मराठी) दिली की आकडे आपोआप देवनागरीत येतात, हिंदीला तसं होत नाही. हिंदीची टेस्ट कॉपी करून मराठीला लावली आणि दोन दिवस डोकं आपटत होतो. 'सुऱ्या'मधला तो अर्धा ऱ्यासुद्धा दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखा, मशीनला वेगळा.

निवृत्त_रोखपाल | रात्री ९:३०

मी सॉफ्टवेअरवाला नाही, बँकेतून निवृत्त झालो. धागा पूर्ण वाचला, निम्मा समजला.

१९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. आमच्या फोर्टातल्या शाखेत आलं तेव्हा युनियनचा विरोध, घोषणा, सगळं झालं. नंतर कित्येक आठवडे आम्ही दोन्ही केलं, हाताने लेजर आणि यंत्रावरही. रोज संध्याकाळी ताळा. जुळेपर्यंत घरी जायचं नाही. बायको म्हणायची, यंत्र आल्यापासून तुम्ही उशिराच येता.

एक शंका. पारसिकराव म्हणतात, रात्री १ ला चालवल्यावर पडतात आणि सकाळी साडेदहाला त्याच पास होतात. त्याच त्याच टेस्ट का? रात्री आणि सकाळी ताळा वेगळा निघाला तर आम्ही सगळ्यात आधी तारीख बघायचो.

कोडगा | रात्री ९:३४

काका, रात्री सर्व्हरला झोप येते.

ताम्हण | रात्री ९:५०

थांबा. हसू नका. काका बरोबर बोलतायत.

आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे ग्रीनिच प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. रात्री १ वाजता तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. जावास्क्रिप्टमध्ये आजची तारीख काढायला बरेच जण टूआयएसओस्ट्रिंग वापरतात आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतात. ते यूटीसीची तारीख देतं. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात ती कालची असते. दिवसा कितीही वेळा बघा, बरोबरच दिसेल.

पारसिक, तुझ्या लाल टेस्टमध्ये तारखेच्या किती आहेत बघ. आणि सकाळी नको, आत्ता रात्री १२ नंतर स्वतः हाताने एक पॉलिसी काढून बघ.

पारसिक_बोगदा | बुधवार, रात्री १२:४०

काढली. सुरुवातीची तारीख कालची येतेय.

निवृत्त_रोखपाल | सकाळी ६:१५

ताळा.

वाफाळता_चहा | सकाळी ९:००

अंगावर काटा आला. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पारसिक_बोगदा | पुढचा गुरुवार, रात्री १०:४५

उशिराबद्दल माफी. पावसाने दोन दिवस ऑफिसातला तो डेस्कटॉप बंद होता आणि एक दिवस मीच कळव्याला अडकलो होतो.

रोज रात्री पडणाऱ्यांपैकी ४१ टेस्ट निव्वळ तारखेच्या निघाल्या. म्हणजे फ्लेकी नव्हत्याच. दीड वर्ष रोज रात्री खरं सांगत होत्या आणि मी रोज सकाळी चहा पीत त्यांना खोटं ठरवत होतो. मध्यरात्रीनंतर ऑनलाइन पॉलिसी घेणारे थोडे असतील, पण आहेत. एक दिवस आधीची तारीख पडलेल्या पॉलिसी आता शोधून दुरुस्त करणं चालू आहे.

ती ओळ कोणी लिहिली म्हणून गिट ब्लेम मारला. नाव माझंच. तीन वर्षांपूर्वीचं, डेव्हलपर असतानाचं.

रंगीत_तालीम ताई, तुमचं ऐकून त्या दोघींपैकी एकींना फोन केला. विक्रोळीला एका ठिकाणी आहेत आता. तारखेचं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ते होय? मी तिकीट टाकलं होतं की. रिलीजच्या रात्री पहिली गाडी सुटेपर्यंत ऑफिसात बसून होते, काही काम नव्हतं म्हणून एक पॉलिसी काढून बघितली." तिकीट, म्हणजे चुकीची ती नोंद, शोधलं. 'कॅनॉट रिप्रोड्यूस' (परत घडवून बघता येत नाही) म्हणून बंद. बंद करणारा मी. वेळ सकाळी ११:०५.

रंगीत_तालीम | रात्री १०:५८

मी काही म्हणत नाही.

मॅनेजर_पण_माणूस | रात्री ११:०५

त्यांना परत बोलवायचं काही बघता येतं का?

पारसिक_बोगदा | रात्री ११:०९

विचारलं. मॅनेजर म्हणाले बजेट नाही. ताईंनाही विचारलं, त्या हसल्या. शनिवारी दोन तास एक्सेल समजावून द्यायला तयार झाल्यात, चहा आणि वडापावच्या बोलीवर.

कोडगा | रात्री ११:१५

सगळं गोड झालं, पण मूळ प्रश्न? सहाशेचं काय? व्हिडिओ?

पारसिक_बोगदा | रात्री ११:२६

२४० खाली एपीआयवर नेतोय, अर्ध्या झाल्या. ८८ अगदी हुबेहूब दुसऱ्या टेस्टच्या कॉप्या होत्या, त्या उडवल्या. बाकीच्यांना शनिवारपर्यंत हात लावणार नाही. सकाळचा मेल आता वीस-पंचवीस लालवर आलाय. कचऱ्याचा रूल लावणाऱ्याने तो अजून काढलेला नाही.

भांडुपचा_भाऊ | रात्री ११:३०

आणि ती नव्वद सेकंदांची झोप? काढलीस का?

पारसिक_बोगदा | रात्री ११:३३

काढली. अट घातली, तुम्ही सांगितलीत तशीच. टेस्ट पडली. परत टाकली.